दुपारची पावलं

पडद्यावर एखादी नटी ठसक्यात जिना उतरत येते आणि तिच्या टाचांच्या टकटकीने मागच्या रांगेतल्यांचा जीव वरखाली होतो, तेव्हा ती टकटक बहुधा पोट सुटलेल्या, टक्कल पडू लागलेल्या एका संसारी गृहस्थाची असते. निदान या गोष्टीतल्या शहरात तरी ती त्याचीच असे. शूटिंगच्या वेळी पावलांचे, कपड्यांचे, कपबश्यांचे आवाज धड सापडत नाहीत. ते मागाहून, चित्र बघत बघत, कुणीतरी नव्याने करून भरायचे असतात. ते भरणारा हा. स्टुडिओत त्याला सगळे पायवाला म्हणत. बायकांचे, मुलांचे, सैनिकांचे आणि एकदा तर लंगड्या घोड्याचेही पाय त्याने केले होते. बायकोच्या माहेरी कानाने अधू असे एक मामा होते, त्यांनी लग्नातच 'पायवाला'चं 'पाववाला' ऐकलं आणि मरेपर्यंत, भेटले की, "हल्ली पीठ कसं येतंय?" असं विचारत राहिले. "बरं येतंय," असं तो दर वेळी गंभीरपणे सांगायचा. एकदा सुरू झालेलं खोटं न कुरकुरता सांभाळायची त्याला सवयच होती.

त्याची कामाची जागा तळघरात होती. जमिनीवर एकाला लागून एक चौकोन आखलेले: लाकडी फळ्यांचा, फरशीचा, वाळूचा, खडीचा. भिंतीच्या फडताळात दुसऱ्यांनी टाकून दिलेले बूट, सपाता, उंच टाचांच्या चपला. शेजारी मोडक्या छत्र्या, गंजक्या बिजागऱ्या, चामड्याचे जुने हातमोजे. हाड मोडायचं असेल तर तो मायक्रोफोनपाशी कोबीचा गड्डा पिरगाळायचा, पक्षी उडवायचा असेल तर हातमोजे फडफडवायचा. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट त्याच्यापेक्षा बराच तरुण होता आणि त्याची थट्टा करणं हा आपल्या नोकरीचाच भाग आहे असं समजायचा. पायवाला ते मनावर घेत नसे. तो आपल्या कामात फार चांगला होता आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

बायको नर्स होती. मुलगी लहान असताना दिवसा घरी राहता यावं म्हणून तिने रात्रपाळी मागून घेतली. मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, तरी रात्रपाळी काही सुटली नाही. सकाळी यायचं, घरातलं आवरायचं, नवऱ्याला डबा द्यायचा आणि दुपारी जाड पडदे ओढून झोपायचं, असा तिचा दिवस. दोघांची गाठ पडायची ती बरीचशी दारातच, एक निघालेला आणि एक आलेली. पण त्याचा नवा सिनेमा लागला की ती पाळी बदलून घ्यायची, नाहीतर झोप मोडायची, पण त्याच्याबरोबर जायचीच. आणि डोळे मिटून बसायची. कुठला आवाज त्याने कशाने काढलाय ते ओळखायचं, हा दोघांचा खेळ. एकदा नायक आईच्या मांडीवर हात मोडून घेऊन मरत होता, सगळं थिएटर मुसमुसत होतं, तेवढ्यात ही त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "कोबी." दोघांना हसू आवरेना. पुढच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थाने वळून, "घरी रडायला कुणी नाही वाटतं तुमच्या," असं सुनावलं तेव्हा कुठे ती दोघं गप्प झाली.

इथवरचं सगळं सांगायला बरं वाटतं. पुढचं वाटत नाही.

या माणसाला एक नाद होता. दारूचा असता तर बरं, असं त्याला स्वतःलाच कितीदा वाटे. दारूला वास येतो, घरात भांडणं होतात, शेवटी कुणीतरी दंडाला धरून डॉक्टरकडे नेतं. या नादाला वास नव्हता. सायकल दुरुस्तीच्या दुकानांमागे एक गल्ली होती. तिथे खाली शिंप्याचं दुकान असलेली एक इमारत होती आणि वर खोल्या होत्या. तो तिथे जायचा. तिथल्या बायकांचे चेहरे त्याला आठवत नसत, आणि ते आठवत नाहीत याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटे. बरं, त्यात सुख होतं म्हणावं तर तेही नाही. सकाळपासून डोक्यात एक भुणभुण सुरू व्हायची, हातातलं काम चुकायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत तो तिकडे वळायचा. जिना चढताना वाटायचं, आता शेवटचं. उतरतानाही तेच वाटायचं. मधल्या वेळात काहीच वाटायचं नाही.

तिथून तो सरळ स्टुडिओत जात नसे. अंग धुतल्याशिवाय त्याला कुणासमोर उभं राहवत नसे, म्हणून घरी यायचा. आणि ती वेळ नेमकी बायकोच्या झोपेची. मग खालच्या मजल्यापाशीच बूट काढून हातात घ्यायचे, उरलेला जिना मोज्यांवर चढायचा, किल्ली मुठीत आवळून फिरवायची, नळाची धार करंगळीएवढी सोडायची. पोटातल्या पोटात रडू यायचं, ते गिळायचं. धुतलेलं तोंड पुसून पुन्हा कामावर. संध्याकाळी ती ड्यूटीला निघायची तेव्हा तो तिच्या हातात डबा देताना हमखास काहीतरी गमतीचं बोलायचा.

एका रविवारी धाकटी मेहुणी आणि साडू जेवायला आले होते. वाढता वाढता बायको बहिणीला म्हणाली, "अगं, हे मधेच कधीतरी दुपारी घरी येतात ना, तर खालच्याच मजल्यावर बूट काढतात. माझी झोप मोडू नये म्हणून!"

"तुला झोपेत कसं कळतं?" मेहुणीने विचारलं.

"मला काय कळणार, मी मेल्यासारखी पडलेली असते. खालच्या बाईंनी पाहिलं, त्यांनी सांगितलं."

मेहुणी नवऱ्याकडे वळली. "ऐका जरा. तुम्ही येता तेव्हा गल्लीतली कुत्री उठतात."

"काय हो पायवाले," साडू कळवळून म्हणाला, "तुमच्या पायांपायी आम्हाला बोलणी!"

सगळे हसले. तोही हसला. बायकोच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे कौतुक होतं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात असायचं तसलं होतं. घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. आपण किती हलके आहोत हे माणसाला असं भरल्या ताटावर कळावं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. त्या जेवणानंतर बरेच दिवस तो गल्लीत गेला नाही. मग गेला.

आणि अशात तो सिनेमा आला.

दिग्दर्शिका वयाने त्याच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी होती. केस कापलेले, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, बोलणं हळू. तिच्या सिनेमाचं नाव निघालं की लोक आधी आवाज खाली आणत आणि मग सगळं नीट विचारून घेत. शूटिंग चालू असतानाच वर्तमानपत्रांतून ओरड झाली होती. एका थिएटरवाल्याने तर न बघताच नकार कळवला होता. गोष्ट होती एका जमीन मोजणाऱ्या माणसाची. घर आहे, बायको आहे, कामात सरळ आहे, आणि तरी तो रोज कुठल्या ना कुठल्या अनोळखी बाईकडे जातो, जाण्यावाचून त्याला राहवत नाही. कॅमेरा कुठेही तोंड फिरवत नव्हता. "लोकांना वाटतंय मी त्यांना चाळवायला निघालेय," दिग्दर्शिका पायवाल्याला म्हणाली. "काका, तुम्ही बघा, अख्ख्या सिनेमात या माणसाला एकदाही मजा आलेली नाही. बोलणंही फार थोडं आहे. जे काही सांगायचंय ते तुमच्याकडून."

खोल्यांमधले प्रसंग आधी झाले. ते करायची रीत ठरलेली आहे आणि बघणाऱ्याला ती भारी विनोदी वाटते: चष्मा लावलेला एक प्रौढ इसम पडद्याकडे टक लावून, अगदी हिशेबी चेहऱ्याने, मायक्रोफोनसमोर स्वतःच्याच दंडाचे मुके घेतोय आणि जुन्या गादीवर कोपर दाबतोय. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "पायवाले, जपून हो. याच हाताने जेवायचंय." सगळे खिदळले. या प्रसंगांचं पायवाल्याला फारसं काही वाटलं नाही. त्याला घाम फुटायचा तो भलत्याच ठिकाणी. मोजणीदार जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता उठतो, तिथे. जिना उतरताना शर्टाचं बटण पुन्हा तपासतो, तिथे. इतकी वर्षं आपल्या मागावर कुणीतरी होतं आणि त्याने सगळं टिपून घेतलंय, असं त्याला वाटायचं. दिग्दर्शिका आपल्याकडे जरा जास्तच बघते का, हेही तो बघून घ्यायचा. ती बघत नव्हती. तिला फक्त सिनेमा दिसत होता.

मग घरी येण्याचा प्रसंग आला. मोजणीदार अशाच एका खोलीतून निघून भर दुपारी घरी येतो. बायको आजारी आहे, आत झोपलेली आहे. पडद्यावर माणूस धड दिसतही नाही, अंधारा जिना, दाराची कड, बोळाची भिंत. सगळं पावलांवर.

पायवाल्याने केलं. दिग्दर्शिकेने मान हलवली. "हा चोर झाला, काका. चोर नाहीये तो, स्वतःच्या घरी येतोय."

पुन्हा केलं. "आता दमलेला वाटतोय."

पुन्हा. "हा प्यायलाय."

ती आत आली आणि फळ्यांच्या चौकोनाच्या कडेला उकिडवी बसली. "तो कुणाला घाबरतोय, सांगा बघू."

"बायकोला. ती उठेल म्हणून."

"अर्धंच आहे ते. ती उठली तर सुटलो, असंही त्याला वाटतंय. तिनं उठावं, समोर यावं आणि विचारावं. पण तो पाय मात्र वाजू देत नाही."

पायवाल्याला हे आजवर कधी सुचलं नव्हतं, आणि ऐकताक्षणी ते खरं आहे हे कळलं. मग त्याने दिवे कमी करायला सांगितले, बूट काढून डाव्या हातात घेतले आणि नेहमी जिना चढायचा तसा फळ्यांवर जागच्या जागी चढला. पाऊल सपाट टाकायचं नाही. बाहेरच्या कडेवर टेकवून मग आत झुकवायचं, म्हणजे फळी कुरकुरत नाही. दारापाशी एका पायावर भार. अर्धा श्वास. किल्ली. आत आल्यावर बोळातून हळू हळू, आणि झोपायच्या खोलीच्या दाराशी थांबायचं. आत तिचा श्वास एकसारखा चाललाय ना, हे ऐकेपर्यंत थांबायचं. मग नळाकडे.

"केवढं वाकडं पाऊल टाकता हो तुम्ही!" दिग्दर्शिका त्याच्या पायांकडे बघत म्हणाली. तिला खरोखरच फक्त पायाचा कोन दिसत होता. पण रेकॉर्डिस्ट फुसकन हसला आणि पायवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

रेकॉर्डिंग लावून ऐकलं. दिग्दर्शिकेने चष्मा काढून डोळे पुसले. "हे कुठून आणलंत, काका?"

"सुचलं," तो म्हणाला.

आणि त्याला अभिमान वाटला. छाती भरून आली. पुढे कितीतरी दिवस त्याला टोचत राहिलं ते हेच. गल्लीत जाणं न राहवून होत होतं, निदान असं तो स्वतःला सांगू शकत होता. पण हे त्याने राजीखुशीने केलं होतं, एका शाबासकीसाठी. बायकोच्या खोलीच्या दाराशी उभं राहून चोरलेली ती शांतता त्याने माइकसमोर नेऊन ठेवली होती आणि वर स्वतःच खूश झाला होता. इतका खूश की ज्या एका माणसाला, भर दुपारी बूट हातात घेऊन चढणारा हा कोण, ते ओळखू येईल ते माणूस डोळे मिटून, कान लावून त्याच्या शेजारीच बसणार आहे, हे त्याच्या लक्षात आलं ते घरी जाताना, बसमध्ये. त्याने वरची दांडी दोन्ही हातांनी धरली. एका मुलीने उठून त्याला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी तो लवकरच स्टुडिओत गेला. "कालच्या त्या तुकड्यात कपड्याची सळसळ आलीय," असं त्याने सांगितलं. रेकॉर्डिस्टने लावून बघितलं, सळसळ नव्हती. "मला समाधान नाही, पुन्हा करतो." दिग्दर्शिका म्हणाली, "करा, पण वापरीन मी हेच." त्याने मांजरासारखं हलकं करून दाखवलं, म्हाताऱ्यासारखं करून दाखवलं, शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, ते काढून टाका. माझं ऐका."

"का?" तिने विचारलं.

का, ते सांगता आलं असतं. त्या तळघरात, त्या बाईला तर ते सगळ्यात सोपं होतं. तिने तोंडही वाकडं केलं नसतं. "काही नाही," तो म्हणाला. "मला जरा जास्त वाटतंय." ती हसली. "काका, या सिनेमात मला स्वतःला खरा वाटलेला तेवढाच क्षण आहे." तो फडताळातले बूट उगाचच पुन्हा लावत बसला. आणि त्याच दुपारी, इतकं सगळं कळत असताना, त्या गल्लीत गेला. हे लिहितानाही त्याचा राग येतो. त्याला तर स्वतःची घृणाच आली. घरी येऊन तो नेहमीसारखाच वाकड्या पावलांनी नळापर्यंत गेला.

आता एकच उरलं होतं, बायकोला सिनेमापासून लांब ठेवायचं.

"या वेळी तू नकोच येऊस," तो चहा पिताना म्हणाला. "घाणेरडा सिनेमा आहे. सगळी उघडी माणसं."

ती केस बांधत होती. "अहो, मी रोज रात्री उघडी माणसं उलटीपालटी करते. मला काय दाखवणार ते?"

"दुपारचा खेळ आहे. तुझी झोप बुडेल."

"एक दिवस बुडाली म्हणून मरत नाही मी."

"लोक काय म्हणतील, बायकोला घेऊन असल्या सिनेमाला..."

"अगंबाई! तुम्ही त्यात आवाज केलेत ते चालतं, मी ऐकले तर लोक बोलणार?" मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "लाजताय का तुम्ही? मुके घेतले असतील दंडाचे, मला काय ते नवीन आहे?" आणि जाता जाता त्याच्या दंडाला चिमटा काढून गेली. तो हो म्हणाला. नाही म्हणायला जे कारण लागतं ते त्याच्याकडे होतं, फक्त तोंडात येत नव्हतं.

खेळ दुपारचा होता, सिनेमात काम केलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. छोटं थिएटर, खुर्च्यांच्या गाद्या दबलेल्या. ती रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांखाली काळं, पण इस्त्रीची साडी नेसून, खेळायला बसल्यासारखी उत्साहात. दिवे गेले. तिने डोळे मिटले आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बिजागरी," ती पुटपुटली. "हातमोजे." खोल्यांमधल्या प्रसंगांना आजूबाजूचे लोक खुर्चीत अवघडून हलायला लागले तेव्हा ही तोंडावर पदर धरून हसत होती. "बिचारा दंड." त्याने हसण्याचा प्रयत्न केला. त्याची छाती एवढी धडधडत होती की तिच्या बोटांना मनगटातून ती लागत असेल अशी त्याला भीती वाटली. लागलीच असेल, नर्सच होती ती.

मोजणीदार एका खोलीतून बाहेर पडला. भर दुपार. अंधारा जिना. बूट निघाले.

पहिल्याच पावलाला तिचं हसू थांबलं. काही पुटपुटली नाही. दारापाशी एका पायावर भार पडला, अर्धा श्वास आला, किल्ली फिरली, आणि बोळातून ती पावलं येऊ लागली. खोलीच्या दाराशी ती थांबली. पायवाल्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सिनेमा बघत होती, आणि हा माणूस कुठून येऊन त्या दाराशी थांबलाय हे आता तिला ठाऊक होतं. नळाची बारीक धार सुरू झाली. तिने त्याच्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. उरलेला सिनेमा तिने डोळे उघडे ठेवून, पापणी न हलवता पाहिला.

बाहेर पडल्यावर दिग्दर्शिका पुढे आली, त्याचा हात हातात घेऊन बायकोला म्हणाली, "काकांनी त्या एका जागी सिनेमा वाचवला माझा." बायको म्हणाली, "हो, ऐकलं मी." अगदी सभ्यपणे म्हणाली.

रस्त्यावर डोळे दिपवणारं ऊन होतं. बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. बरोबर आणलेली पाण्याची बाटली तिने त्याला दिली, मग स्वतः प्यायली. आता ती ओरडेल, रडेल, असं तो धरून चालला होता; तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"खालच्या बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "बूट काढता त्याचं."

"मग?"

"मी जागी असायचे."

तिने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

"पहिल्यांदा किल्लीनं जाग आली. पुढे पुढे तुम्ही यायच्या आधीच यायची. तुम्ही खोलीच्या दाराशी थांबायचात ना, माझा श्वास ऐकत? मला वाटायचं, हा माणूस दिवसभर दुसऱ्यांची पावलं वाजवतो आणि माझ्यासाठी स्वतःची बुजवून टाकतो. तुमचे कष्ट फुकट जाऊ नयेत म्हणून मी श्वास लांबवायचे. गाढ झोपल्यासारखा. रात्रभर झोपलेली माणसंच ऐकत असते मी, मला जमतं ते." ती थांबली. "तुम्ही गेलात की कधी कधी रडायचे. इतकं जपतं कोण कुणाला, म्हणून."

आवाजातला एवढा दर्दी माणूस, पण दाराशी उभं राहून ऐकलेला तो श्वास खोटा होता हे त्याला एकदाही ओळखू आलं नव्हतं. त्याला वाटलं, आता इथेच जमिनीत गाडलं जावं. "मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"सांगा मग."

आणि त्याने सांगितलं. शिंप्याचं दुकान, वरच्या खोल्या, सकाळची भुणभुण, शेवटचं शेवटचं म्हणत गेलेली वर्षं. वाक्य पुरं व्हायचं नाही, पुन्हा मागून सुरू करायचं. शाबासकीच्या दुसऱ्या दिवशीची दुपारही त्याने लपवली नाही. आपली मुलगी तेव्हा कुठे होती, मी तेव्हा आजारी होते का, असं काहीच तिने विचारलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर वॉर्डात विचारतात तशा आवाजात म्हणाली, "तपासून घेतलंत कधी?"

"नाही."

"उद्या सकाळी जा. मीही करून घेते."

ते 'मीही' त्याला जन्मभर पुरण्यासारखं होतं. तो रडायला लागला. बाकावरचा तिसरा माणूस उठून लांब जाऊन उभा राहिला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि उठूनही गेली नाही.

त्यांची बस आली. तो उठला. ती बसूनच राहिली. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी पलीकडून धाकटीकडे जाते. कालपासून डोळ्याला डोळा लागला नाही माझा. मला झोपायचंय."

"घरीच झोप ना," तो घाईने म्हणाला. बसचं दार उघडं होतं. "मी संध्याकाळपर्यंत फिरकत नाही. आलोच तर आवाज करणार नाही."

ती उभी राहिली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

"तुम्ही आवाज केला नाहीत ना," ती म्हणाली, "तर आता मला झोप लागायची नाही."

आणि गाड्या थांबायची वाट बघून ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली.